युवक महोत्सव एका दिवसावर आणू नका

प्रति,
संचालक, विद्यार्थी विकास विभाग, लहान शहरांतली राज्य विद्यापीठे
तसेच युवक महोत्सवाचं यजमानपद घेणाऱ्या संलग्न महाविद्यालयांचे प्राचार्य

महोदय, महोदया,

खर्च वाढला, सत्र परीक्षा अंगावर येतात, यजमान महाविद्यालय पुढे येत नाही. ही तीन कारणं सांगून तीन दिवसांचा युवक महोत्सव, म्हणजे संलग्न महाविद्यालयांच्या संघांमधली नृत्य, गायन, नाट्य आणि ललित कलांची स्पर्धा, एका दिवसात उरकण्याचा विचार बैठकांतून पुन्हा पुन्हा निघतो. तिन्ही कारणं खरी आहेत, ती आम्ही नाकारत नाही. पण एका दिवसाचा उपाय ज्या मुलामुलींना बाहेर काढतो, त्यांच्यासाठीच तर हा महोत्सव आहे. हे कसं घडतं आणि तीन दिवस बेताच्या खर्चात कसे पार पडतात, एवढंच या पत्रात मांडतो आहोत. आम्ही संघव्यवस्थापक, साथीदार, रंगमंच आणि ध्वनीची कामं सांभाळणारे आणि माजी स्पर्धक आहोत.

आधी विद्यापीठ आणि विद्यार्थी यांच्यातलं अंतर पाहू. जळगावचं विद्यापीठ १९९० चं, नांदेडचं १९९४ चं, एका जिल्ह्यापुरतं सोलापूरचं २००४ चं, आणि चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गडचिरोलीत उभं राहिलेलं गोंडवाना विद्यापीठ २०११ चं. मोठ्या शहरातलं विद्यापीठ दूर पडतं, आपल्या भागाला आपलं विद्यापीठ हवं, या मागणीतून ही विद्यापीठं निघाली. पण यांचे बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात शिकत नाहीत. ते तालुक्याच्या गावातल्या संलग्न महाविद्यालयात जातात, सकाळच्या एसटीने येतात आणि दुपारच्या एसटीने घरी परततात. सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर पडतं. नोंदणी क्रमांक, हॉल तिकीट, गुणपत्रिका आणि शेवटी पदवी प्रमाणपत्र, या चार कागदांवर त्याची विद्यापीठाशी ओळख होते. वसतिगृहाची गॅलरी, ग्रंथालयाच्या पायऱ्या, संध्याकाळचं मैदान असं काहीच मध्ये नसतं. इतर महाविद्यालयांतल्या मुलांबरोबर तीन दिवस राहणं, एका मांडवात जेवणं, दुसऱ्यांचं नाटक विंगेत उभं राहून पाहणं हे फक्त युवक महोत्सवात घडतं. पुढे विजेता संघ ‘इंद्रधनुष्य’ या राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सवाला किंवा भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागीय महोत्सवाला जातो तेव्हा तिथे महाविद्यालयाचं नाव पुकारत नाहीत, विद्यापीठाचं पुकारतात. ‘आपलं विद्यापीठ’ हे शब्द तिथे पहिल्यांदा तोंडात बसतात.

आता एका दिवसाचं गणित मांडून पाहू. राष्ट्रीय नियमांप्रमाणे लोकनृत्याला १० मिनिटं आणि मांडणीला साधारण ५. समूहगीताला १० आणि वाद्यं लावायला ४. एकांकिकेला ३० आणि सेट लावून काढायला १०. प्रहसन १० मिनिटांचं, मूकनाट्य ५ मिनिटांचं, दोन्हींत संघबदलाला ३ मिनिटं तरी लागतात. समजा, लोकनृत्याचे ३० संघ आहेत, समूहगीताचे ३०, एकांकिकेचे १२, प्रहसन आणि मूकनाट्याचे प्रत्येकी २५. एका जिल्ह्याच्या विद्यापीठालाही हे आकडे जास्त नाहीत. मुख्य रंगमंचावर नृत्याला साडेसात तास आणि समूहगीताला सात, म्हणजे साडेचौदा तास झाले. नाट्यमंचावर एकांकिकांना आठ तास, प्रहसनाला जवळपास साडेपाच, मूकनाट्याला तीन तास वीस मिनिटं, म्हणजे पावणेसतरा. यात एकाही मिनिटाचा उशीर धरलेला नाही. एका दिवसात हे बसवायचं तर रात्रीचा एक उलटून जातो किंवा वेळा कापाव्या लागतात. एकांकिका २० मिनिटांची केली की मुलं संहिता कापतात, आणि पुढे विभागीय पातळीवर तीच एकांकिका अर्ध्या तासाची करायला निघतात तेव्हा जोड दिसतो.

तिसरा मार्ग म्हणजे मंच वाढवायचे आणि सगळं एकाच वेळी चालवायचं. वरवर हा शहाणपणाचा वाटतो, पण सर्वात मोठं नुकसान त्यातच आहे. शहरातल्या मोठ्या महाविद्यालयाचा संघ पस्तीसचा असतो, नाचणारे वेगळे, गाणारे वेगळे, नाटकवाले वेगळे. तालुक्याच्या महाविद्यालयातून बारा-चौदा जण येतात. समूहगीतात गाणारी मुलगी तिथे लोकनृत्यातही असते, ढोलकी वाजवणारा मुलगा प्रहसनात सरपंच होतो आणि दुपारी पोस्टरही रंगवतो. सहा मंच एकाच वेळी सुरू झाले की अशा संघाला दोन-तीन कलाप्रकार सोडून द्यावे लागतात. मोठ्या संघाला याची झळही लागत नाही. मग सर्वसाधारण विजेतेपद दरवर्षी त्याच दोन-तीन महाविद्यालयांत फिरतं, आणि बाकीचे पुढच्या वर्षी नावच नोंदवत नाहीत. त्यानंतर ‘सहभाग घटला’ असा अहवाल येतो आणि महोत्सव आखडता घेण्याला तेच कारण मिळतं.

म्हणून मागणी एवढीच आहे: दोन पूर्ण दिवस स्पर्धेचे, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, आणि तिसरा अर्धा दिवस परीक्षकांशी बोलण्यासाठी आणि बक्षिसांसाठी. वरचे पावणेसतरा तास दोन दिवसांत विभागले की दिवसाला साडेआठ तासही होत नाहीत, म्हणजे जेवायची अर्ध्या तासाची सुट्टी धरून गणित बसतं. अट एकच. उद्घाटन पहिल्या दिवशी सकाळी आठला, अर्ध्या तासाचं करा किंवा आदल्या संध्याकाळी संघ जमतात तेव्हा उरका. साडेनऊचं उद्घाटन साडेबाराला संपलं तर तीन तास गेले, म्हणजे बारा लोकनृत्यं रात्रीवर ढकलली. पाहुणा कलावंत बोलवायचाच असेल तर तो बक्षीस समारंभाला बोलवा. त्याची गाडी उशिरा आली तरी स्पर्धा अडत नाही.

तारखा कधी घ्याव्यात, यावर आमचं मत ठाम आहे: गणेश विसर्जनानंतरचा पितृपक्षाचा पंधरवडा. लग्नकार्यं नसल्यामुळे मांडववाला, साउंडवाला, आचारी आणि मंगल कार्यालय सगळे मोकळे असतात आणि दर उतरलेले असतात. प्रथम वर्षाचे प्रवेश आटोपलेले असतात, पहिल्या सत्राच्या परीक्षेला अवधी असतो, आणि नवरात्र लागलं की मुली गावोगावच्या कार्यक्रमांत अडकतात, ते अजून सुरू झालेलं नसतं. अडचण परतीच्या पावसाची. विदर्भ-मराठवाड्यात सप्टेंबरअखेरची सर अर्ध्या तासात मैदान भरून टाकते. त्यामुळे मुख्य रंगमंच छताखालीच हवा. पत्र्याचं छत असेल तर पाऊस लागल्यावर माइकसुद्धा कुचकामी ठरतो, म्हणून शास्त्रीय गायन, सुगम गायन आणि वक्तृत्व स्लॅबच्या खोलीत ठेवा. मूकनाट्य पत्र्याखाली ठेवलं तरी निभतं, त्याला शब्द नसतात.

रंगमंचाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मुलींचे घोटे इथेच मुरगळतात. दहा जणांच्या लोकनृत्याला निदान ३० बाय २४ फुटांची मोकळी जागा लागते. मांडववाले बहुधा लोखंडी चौकटींवर १२ मिलिमीटरची प्लाय टाकतात. ती भाषणांना चालते. दहा जण एकदम उडी मारून उतरले की ती दोन चौकटींच्या मध्ये लचकते आणि जोडापाशी एक कड बोटभर वर येते. वरून गालिचा असल्यामुळे ती दिसत नाही, पायाला लागते तेव्हाच कळते. १९ मिलिमीटरची प्लाय मागा, चौकटी एकमेकींना बांधायला लावा, प्रत्येक जोडावर रुंद चिकटपट्टी मारा आणि मग मॅट ताणून फक्त कडेला ठोका, मध्ये नाही. मध्ये ठोकलेला खिळा दुसऱ्या दिवशी डोकं वर काढतो आणि इथे सगळे अनवाणी नाचतात. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी चार जणांनी चपला काढून संपूर्ण मंचावर पाय घासत चालून पाहावं. जिथे पाय अडतो तिथे खडूने खूण करायची आणि मांडववाला जायच्या आत दुरुस्ती करून घ्यायची. दर दहा संघांनंतर मंच झाडून घ्या. फुलं, टिकल्या, घुंगरांचे सुटलेले मणी यांच्यावरूनही पाय घसरतात.

आवाजाच्या तक्रारी दरवर्षी त्याच असतात. दिवे आणि ध्वनी एकाच फेजवर घेतले की डिमर फिरवताच स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. दोन्हींचे फेज वेगळे ठेवा, अर्थिंग तपासून घ्या, आणि जनरेटर मागून पन्नास पावलं लांब उभा करा. ‘जनरेटर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. वीज गेल्यावर तो किती सेकंदांत लोड घेतो ते एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून पाहा. गेलेली मिनिटं त्या संघाला परत द्यायची की पहिल्यापासून सादर करू द्यायचं, हा नियम लेखी असू द्या, नाहीतर ऐनवेळी वाद होतो. समूहगीताला सहा गायकांसाठी तीन उभे माइक पुरतात, दोघांत एक. सहा कॉर्डलेस माइकची गरज नाही, त्यांतले दोन नेमके गाण्यात खरखरतात. गायकांसमोर मात्र दोन मॉनिटर हवेतच. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की मुलं ओरडतात, आणि ओरडली की सूर वर चढतो. हलगी, संबळ, ढोल यांना माइकच लावू नका. त्या मंचावर ती वाद्यं तशीच पुरून उरतात, आणि माइक लावला की गाण्याचे शब्द बुडतात.

दूरच्या महाविद्यालयांची खरी अडचण साथीची आहे. गावात तबलजी नसतो, भजनी मंडळातला एखादा पखवाज वाजवणारा मिळतो, पेटी अर्ध्या दिवसाच्या प्रवासात हादरून सुरांतून जाते. इथे यजमानांनी थोडं केलं तरी खूप होतं. दोन तबले ठेवा, एक काळी एकला लागणारा आणि एक काळी चार-पाचला. मुलांची आणि मुलींची पट्टी सहसा या दोन टोकांना असते आणि एकच तबला ठोकून एवढ्या लांब नेता येत नाही, गजऱ्यावर हातोडी मारून मारून पुडी फाटते. एक बरी पेटी, एक इलेक्ट्रॉनिक तानपुरा, एक ढोलकी. वाद्यं वातानुकूलित खोलीत ठेवू नका, बाहेर आणली की दहा मिनिटांत उतरतात. साथीदार बाहेरचा व्यावसायिक चालेल की विद्यार्थीच हवा, हे कलाप्रकारानुसार पहिल्याच परिपत्रकात स्पष्ट लिहा. हा खुलासा महोत्सवाच्या दिवशी नोंदणी टेबलावर झाला की लांबून आलेला संघ गाणं न गाता परत जातो.

ललित कला विभागाकडे सर्वात कमी लक्ष जातं, म्हणून रांगोळीचंच उदाहरण घेऊ. अडीच तासांची स्पर्धा, माध्यम एकच. नव्या इमारतीच्या गुळगुळीत टाइल्सवर रांगोळी धरत नाही, चिमटीतून सोडलेली रेघ फुंकरीनेही सरकते. शहाबादी फरशी किंवा कोब्याची खोली निवडा, जुन्या इमारतीतली प्रयोगशाळा उत्तम. प्रत्येकाला निदान ५ बाय ५ फुटांचा चौकोन आणि चारी बाजूंनी दोन फुटांची वाट ठेवा, कारण स्पर्धक बसल्या बसल्या मागे सरकतो आणि शेजारच्याच्या कामावर त्याची टाच पडते. पंखे बंद ठेवावे लागतात, तेव्हा सकाळचं पहिलं सत्र रांगोळीला द्या. दुपारी त्या खोलीत घामाचे थेंब चित्रावर पडतात. दार एकच उघडं ठेवा आणि त्यावर माणूस बसवा. पाहुण्यांना दाखवायला घाईने दोन्ही दारं उघडली गेली की आरपार वारा येतो आणि अडीच तासांचं चेहऱ्याचं शेडिंग एका झुळकीत पुसलं जातं. मातीकामासाठी कुंभाराची माती दोन दिवस आधी भिजवून, खडे काढून, मळून ठेवा, दर स्पर्धकाला पाच-सहा किलो. सकाळी आणून पाणी घातलेली माती मूर्तीच्या मानेपाशी बसते.

आता परीक्षक. गडचिरोली-भामरागडकडचा रेला हा आदिवासी नाच हातात हात गुंफून, ओळीत किंवा रिंगणात नाचतात, आणि गाणं नाचणारे स्वतःच म्हणतात. त्यात मनोरा नाही, शेवटी टाळ्यांसाठी केलेली उडी नाही. किनवटकडचा ढेमसा, नंदुरबारकडचं पावरी या फुंकवाद्यावरचं नृत्य यांची चालही अशीच आपापली आहे. हे न पाहिलेला परीक्षक वेग, रचना बदलण्याचं कौशल्य आणि वेशाची चमक यांनाच गुण देतो. पुढच्या वर्षी तीच मुलं रेल्यात मनोरा घालतात, प्लास्टिकची पिसं आणतात, आणि घरच्या म्हाताऱ्यांना तो नाच ओळखू येत नाही. आपल्या भागासाठी निघालेल्या विद्यापीठाच्या मंचावर त्या भागाचा नाच बिघडावा, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. तीन परीक्षकांपैकी एक त्या भागातला, ते नृत्य स्वतः नाचलेला किंवा वाजवलेला असावा. त्याच्याकडे पदवी नसली तरी चालेल. गुणपत्रकात ‘परंपरेशी इमान’ असा वेगळा रकाना ठेवा. गाण्याचा अर्थ सांगणारं अर्धं पान तिन्ही परीक्षकांच्या हातात आधी पोचेल असं पाहा.

तिसऱ्या दिवसाची सकाळ याच कामासाठी हवी. प्रत्येक कलाप्रकाराच्या परीक्षकाने सगळ्या संघांसमोर तासभर बसावं, प्रत्येक संघाला दोन वाक्यं सांगावीत, एक जमलेल्या गोष्टीचं आणि एक सुधारायच्या गोष्टीचं. हरलेल्या महाविद्यालयाला घरी न्यायला हेच मिळतं. क्रमांक कळतात आणि कारण कळत नाही, तेव्हा मुलं पक्षपाताची शंका घेतात, आणि ती शंका वर्षभर एसटीच्या थांब्यावर बोलली जाते. एका दिवसाच्या महोत्सवात परीक्षक रात्री दहाला गुणपत्रक सही करून गाडीत बसतात. हे बोलणं होतच नाही.

सादरीकरणाच्या क्रमाचा लॉट काढण्याची पद्धतही बदला. सगळ्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या की दूरच्या संघाचं नाव सकाळी नऊला किंवा संध्याकाळी सहाला निघू शकतं. दोन डबे करा, ८० किलोमीटरच्या आतले एकात, पलीकडचे दुसऱ्यात. सकाळचे आणि संध्याकाळचे क्रम पहिल्या डब्यातून काढा, मधले दुसऱ्यातून. निवड चिठ्ठीनेच होते, म्हणून तक्रारीला जागा राहत नाही. नेहमीच्या एसटीत २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं आहे, त्यामुळे मुली जास्त असलेल्या संघाला ती स्वस्त पडते. पण ढोल आणि सेटचं सामान तिच्यात मावत नाही आणि शेवटची गाडी संध्याकाळीच निघून जाते. अशा संघांना प्रासंगिक कराराची एसटी एकत्र घेता येते, एका मार्गावरच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून. ही जुळवाजुळव प्रत्येक प्राचार्यांवर सोडू नका. अंतरं आणि संघसंख्या विद्यापीठाच्या कार्यालयातच कळतात, मार्गांची यादी तिथेच करा. प्रवासखर्च किलोमीटरनुसार द्या, सगळ्यांना सारखी रक्कम नको. निधी आहे. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थी विद्यार्थी विकासाचं शुल्क भरतो, दूरच्या गावातलाही.

मुलींच्या सोयीची यादी छोटी आहे, पण तिच्यातली एक गोष्ट चुकली तरी पुढच्या वर्षी पालक पाठवत नाहीत. मुक्काम वर्गखोल्यांत असेल तर आतून लागणारी कडी, खिडक्यांना पडदे, त्याच मजल्यावर स्वच्छतागृह आणि रात्रभर दिवा. कपडे बदलायची खोली मंचाच्या मागेच, दोनशे पावलांवर नव्हे. तिथे मोठे आरसे, भिंतीला खुंट्या, इस्त्रीसाठी १५ अँपिअरचा सॉकेट, सुया, पिना, सॅनिटरी पॅड. नऊवारी नेसायला एकीला वीस मिनिटं आणि मदतीला दुसरी लागते, म्हणून दहा जणींच्या संघाला खोली निदान तासभर आधी मिळावी. प्रत्येक संघाबरोबर महिला व्यवस्थापक आल्या आहेत का, हे नोंदणी टेबलावर पाहाच. रात्री साडेनऊनंतर मंचावर कोणी नको.

जेवणावर थोडक्यात. पोह्यांना माणशी ८० ग्रॅम, तांदूळ १००, डाळ ५०, चार पोळ्यांसाठी कणीक १२० ग्रॅम धरा, आणि नाचून आलेली मुलं जास्त जेवतात म्हणून दहा टक्के वर. वीस लिटरचा पाण्याचा जार दिवसाला आठ जणांना पुरतो, सप्टेंबरच्या उकाड्यात त्याहून कमी. मंचावर अडकलेल्या संघाचं जेवण नावानिशी बाजूला काढून ठेवायला एक माणूस नेमा. शेवटच्या संघाच्या वाट्याला नुसता भात येतो, ही तक्रार आम्ही सगळीकडे ऐकतो. पैसे वाचवायचेच असतील तर फ्लेक्स, पुष्पगुच्छ, शाली आणि स्मृतिचिन्हांत वाचवा. तीन दिवसांचा खर्च त्यातून बराच निघतो.

तालमींमुळे बुडणाऱ्या हजेरीचा प्रश्न सोडवणं सर्वस्वी आपल्या हाती आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या आराखड्यात पहिल्या दोन वर्षांत सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत, त्यांत सांस्कृतिक उपक्रमही येतात. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास, दोन म्हणजे ६०. लोकनृत्याचा संघ रोज दोन तास पंचवीस दिवस तालीम करतो, त्यात महोत्सवाचे अडीच दिवस धरले की साठी ओलांडते. तालमीची तारीखवार नोंदवही, संघव्यवस्थापकाची सही आणि सहभागाचं प्रमाणपत्र एवढ्यावर हे श्रेयांक द्यावेत, असं परिपत्रक काढा. मग विज्ञान शाखेचा मुलगा प्रात्यक्षिक बुडेल म्हणून ढोलकी खाली ठेवणार नाही.

आणखी एक गोष्ट विजेत्यांसाठी. आपल्याकडे वक्तृत्व आणि वादविवाद मराठीत होतात, विभागीय पातळीवर ते हिंदी किंवा इंग्रजीत करावे लागतात, आणि मराठी एकांकिकेला हिंदी-इंग्रजी सारांश जोडावा लागतो. मराठीत पहिली आलेली मुलगी तिथे पाठ केलेलं हिंदी बोलते आणि मागे पडते. दोष तिचा नाही, तिला तयारीला कोणी दिवसच दिलेले नसतात. निकाल लागल्यापासून पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या आवारात दहा दिवसांचं निवासी शिबिर घ्या, तिथे हिंदीचे प्राध्यापक असतातच. वयाचा दाखलाही तेव्हाच तपासा. १ जुलैला वय २५ च्या आत हवं, ही अट ऐनवेळी निघाली की सबंध संघ मोडतो. शिवाय त्या दहा दिवसांत तालुक्यातली मुलं प्रथमच आपल्या विद्यापीठाच्या आवारात राहतील, तिथलं ग्रंथालय आतून पाहतील.

यंदासाठी आमच्या मागण्या अशा. पहिलं परिपत्रक १५ जुलैच्या आत निघावं, त्यात तारखा, नियम, साथीदारांची अट आणि प्रवासखर्चाचे दर असावेत. यजमान महाविद्यालय १ ऑगस्टपर्यंत ठरावं आणि त्याला निम्मा निधी तेव्हाच मिळावा, महोत्सव संपल्यावर बिलं लावून नव्हे. यजमान मिळत नाहीत, त्यामागे ही पदरमोडच मोठं कारण आहे. आमच्या बाजूने एवढं नक्की करू: ज्या महाविद्यालयाला हवं असेल तिथे आमच्यातले चार जण महोत्सवाच्या दोन दिवस आधी येतील, मंच अनवाणी चालून पाहतील, फेज आणि अर्थिंग तपासतील, तबले लावून देतील आणि मिनिटांचं वेळापत्रक यजमानांबरोबर बसून बांधून देतील. मानधन नको, मुलांच्या पंगतीत जेवण आणि एका खोलीत सतरंजी पुरे.

आपले,
संलग्न महाविद्यालयांच्या सांस्कृतिक विभागांतले काही प्राध्यापक, साथीदार, रंगमंच-ध्वनी सांभाळणारे आणि माजी स्पर्धक